करवतीच्या पात्याएवढी फट

माझा भाऊ खोटं बोलत नाही. ऐकणाऱ्याला याचं कौतुक वाटतं. म्हणावं, त्याच्याबरोबर एका घरात राहून बघा! भावजयीनं एकदा हौसेनं विचारलं, "अहो, मी जाड झालेय का?" तर हा शहाणा दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाला, "झालीयेस. पण दारातून जातेस अजून." पुढे बरेच दिवस त्याच्या भाजीत मीठ पडलं नाही, आणि ते का पडत नाही हेही त्याला कळलं नाही.

तो सुतार आहे. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. खाली कारखाना, वर आमचं घर. मी त्याची थोरली बहीण, लग्नाच्या फंदात पडले नाही, कारखान्यातलं पॉलिशचं काम माझ्याकडे. तो लाकूड कापतो, जोडतो, रंधा मारतो आणि माझ्यापुढे आणून ठेवतो. त्यानंतर त्यानं हात लावायचा नाही, हा माझा नियम. अख्ख्या गल्लीत मला आत्या म्हणतात. घरातल्या एकानं गळा काढून आत्या, आत्या म्हणायला सुरुवात केली आणि ते गिऱ्हाइकांनी उचललं.

तो एक म्हणजे माझा भाचा, भुंगा. दात यायच्या आधीपासून गुणगुणतो, म्हणून भुंगा. आता चांगला बाप्या झालाय, शहरात बस चालवतो, पण स्टिअरिंगवर हात पडला की याचं गुं गुं सुरू. त्याच्या बसमध्ये रोज चढणाऱ्या बायका म्हणतात, ड्रायव्हर गप्प असला की आम्हाला काळजी वाटते, गाडीत काही बिघाड झालाय की काय.

आमचं एक प्रार्थना मंडळ आहे. होतं म्हणा. आजोबांपासून आम्ही त्यात. सभागृहातली बाकं माझ्या भावानं केलेली, पॉलिश माझं. भाऊ पहिल्या बाकावर बसायचा. मी मागे, गाणाऱ्यांत. खरं सांगते, देवाचं मला फार कळत नाही, पण सगळे आवाज एकत्र लागले की बरं वाटायचं. तेवढ्यासाठी मी प्रमुखांचं प्रवचन सहन करायची. प्रमुख प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात. चांगल्या वाक्याआधी एकदा, वाईट वाक्याआधी दोनदा.

त्या दिवशी त्यांनी एकदाच खाकरलं. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, आपल्या पुतणीसाठी मिस्त्रींचा मुलगा पसंत केलाय. पोरीलाही विचारलं नव्हतं आणि पोरालाही. टाळ्या सुरू झाल्या आणि भुंगा उभा राहिला.

"मुलगी चांगली आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तिला फसवणार नाही. मला पुरुष आवडतात. माझा एक माणूस आहे, त्याच्याबरोबर मला आयुष्य काढायचंय."

टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले. प्रमुखांनी दोनदा खाकरलं. म्हणाले, बाळा, चूक झाली म्हण, खाली बस, आम्ही विसरू. भुंगा म्हणाला, "चूक झालेली नाही, तर झाली कशी म्हणू?" अगदी बापाची जात! मला रडूही येत होतं आणि वाटतही होतं की जाऊन त्याची पाठ थोपटावी.

त्याला मंडळाबाहेर काढलं. आमच्या मंडळाचा नियम ऐका. बाहेर काढलेल्या माणसाशी बोलायला हरकत नाही, त्याला घरात घ्यायला हरकत नाही, आजारी पडला तर औषधपाणीही करावं. पण त्याच्याबरोबर एका टेबलाला बसून जेवायचं नाही. जो जेवेल तोही बाहेर. बाकी सगळं माफ, जेवण तेवढं नाही. ज्यानं कुणी हा नियम केला त्याला माणूस कुठे दुखतो ते बरोबर ठाऊक होतं.

मला त्याच्या माणसाचं आधीच माहीत होतं. मी नवा चष्मा करायला गेले होते. दुकानदार उंच, शांत, कानाशी केस पिकलेले. तो माझे डोळे तपासत होता तेवढ्यात भुंगा आत आला, आणि दुकानदाराच्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा कप न विचारता घेऊन प्यायला लागला. अहो, असा कप कोण घेतं? मी फळ्यावरची सगळ्यात बारीक अक्षरं घडाघडा वाचली आणि म्हटलं, दिसतंय हो, सगळं स्वच्छ दिसतंय. दोघंही कानापर्यंत लाल झाले. तेव्हापासून तो आमचा चष्मेवाला.

भाऊ मात्र सभागृहातून आला तो तोंडाला कुलूप लावून. ओरडला असता तर मी चार शब्द ऐकवले असते. ओरडलाच नाही. जेवायची वेळ झाली, भुंग्यानं ताट घेतलं, आणि भाऊ आपलं ताट उचलून खिडकीशी जाऊन उभ्यानं जेवायला लागला. भुंग्यानं ते पाहिलं. ताट तसंच ठेवलं, बॅग भरली आणि चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेला. जाताना आईला म्हणाला, "बाबांना उभं राहून जेवायला लावणार नाही मी. त्यांचे गुडघे दुखतात."

त्यानंतर घराचं जे झालं ते शत्रूच्याही घराचं होऊ नये. भावजय बोलायची नाही. बटाटे उकडायची, ते आमच्यापुढे आदळायची आणि आत जाऊन बसायची. मी कारखान्यात भावाच्या मागे लागले.

"अरे, पोटचा पोर तो!"

"मी मंडळापुढे शब्द दिलाय, ताई. नियम पाळीन म्हणून. उभं राहून दिलाय."

"आणि पोर झालं तेव्हा काही शब्द दिला नव्हतास?"

त्यानं रंधा थांबवला. खरंच विचार केला, गाढवानं. "तेव्हा कुणी विचारलं नाही," म्हणाला.

मी त्याला पॉलिशची चिंधी फेकून मारली. काय करणार! आपलेच दात, आपलेच ओठ. पण मी भावाला जन्मापासून ओळखते. तो परत लाकडाकडे वळला आणि गुळगुळीत झालेल्या फळीवरच पुन्हा रंधा मारायला लागला. त्याला मुलगा हवा होता आणि शब्दही मोडायचा नव्हता, आणि या दोन्हींच्या मध्ये तो भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा अडकला होता.

मग एका सकाळी तो चांगल्यातलं लाकूड काढून बसला. कुणाचं काम म्हणून विचारलं तर बोलेना. फळ्या जोडल्या, पाय उभे राहिले, आणि मला दिसलं ते आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. तीच उंची, तीच लांबी, तेच कोपरे. जुनं टेबल त्यानं स्वतःच्या लग्नात केलं होतं, हे त्याचं जुळं भावंड.

"हे कशाला?"

"नियम काय आहे? एका टेबलाला बसायचं नाही," तो म्हणाला. "ही दोन टेबलं आहेत. शेजारी शेजारी ठेवू. मध्ये फट ठेवू. तो त्या टेबलाला जेवेल, मी या टेबलाला जेवेन."

वेडा म्हणावं की शहाणा, मला कळेना. एवढ्यावर थांबेल तर तो माझा भाऊ कसला? स्वतःच्या पायानं प्रमुखांकडे गेला आणि सगळं सांगून आला. प्रमुखांनी किती वेळा खाकरलं ते माहीत नाही, पण शेवटी म्हणाले, ठीक आहे, फट राहिली पाहिजे. जोवर फट आहे तोवर दोन टेबलं. ज्या दिवशी फट गेली त्या दिवशी तुम्हीही बाहेर.

टेबल माझ्याकडे पॉलिशला आलं. आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. लाकूड मेलं तरी पाणी पितं. पावसाळी, दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून पॉलिश सगळ्या बाजूंनी मारायचं असतं. वरून, खालून, कडेनं. सगळीकडून तोंड बंद केलं की ते गप्प बसतं. हे मला माझ्या बापानं कान धरून शिकवलंय. मी त्या टेबलाला वरून असं पॉलिश मारलं की तोंड बघावं. आणि खालची बाजू आणि फटीकडची कड, दोन्ही कोऱ्या ठेवल्या. कडेला नुसता पुसट रंग फिरवला, दिसायला एकसारखं. मुद्दाम. उभ्या आयुष्यात असं काम मी केलं नव्हतं आणि त्याची मला लाजही वाटली नाही. पी म्हटलं बाळा, पाणी पी.

भुंगा जेवायला आला. दारातच थबकला, दोन टेबलं बघितली, बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "ते तुझं." भुंगा बसला. खाली मान घालून जेवला, पण जेवला. भावजय दोन्हीकडे वाढत होती आणि डोळ्यातलं पाणी बाहीनं पुसत होती. वाढता वाढता तिच्या कमरेचा धक्का लागून टेबल सरकलं आणि फट गेली. चुकून हं, अगदी चुकून. भावानं उठून टेबल मागे ओढलं. मग माझा धक्का लागला. मग परत तिचा. दुसऱ्या दिवशी भावानं दोन्ही टेबलांचे पाय स्क्रूनं जमिनीला पक्के केले. मध्ये फट ठेवली ती त्याच्या हातकरवतीचं पातं जेमतेम जाईल एवढी. आणि रोज संध्याकाळी, भुंगा यायच्या आधी, तो करवत घेऊन यायचा आणि पातं त्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. अडकलं नाही की मान हलवायचा आणि करवत भिंतीला टांगायचा. लोक जेवणाआधी हात धुतात, आमच्याकडे करवत फिरायची.

भावजयीनं बापलेकाच्या भांडणात न पडता आपला मार्ग काढला. खुर्ची घेतली ती थेट टेबलांच्या डोक्याशी, फटीच्या समोर. ताट बरोबर फटीवर. अर्धं या टेबलावर, अर्धं त्या.

"हे नियमात बसतं का?" मी विचारलं.

भावानं ताटाकडे पाहून बराच विचार केला. "नियम टेबलाबद्दल आहे," म्हणाला. "ताटाबद्दल काही म्हटलेलं नाही."

मी मात्र सरळ भुंग्याच्या टेबलाला बसले. बातमी मंडळात पोचायला कितीसा वेळ लागणार! मलाही बाहेर काढलं. गाणं चुकलं म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी दाढ काढल्यासारखी जीभ त्या रिकाम्या जागी जायची. पण प्रवचन सुटलं, हेही काही थोडं नाही. आता आमच्याकडे बघा काय झालं. बहिष्कार भुंग्यावर होता आणि पलीकडे एकटा बसायचा माझा भाऊ. आम्ही इकडे हसतोय, बसमधल्या गमती ऐकतोय, आणि हा तिकडे अख्ख्या टेबलाचा मालक, पाव मोडतोय. बाहेर कुणाला काढलंय तेच कळेना.

भुंग्याला सोडायला चष्मेवाला रोज स्कूटरवर यायचा आणि खाली रस्त्यावर थांबायचा. भावजय खिडकीतून बघायची, म्हणायची, उपाशी असेल हो तो. एकदा तिनं नवऱ्याला विचारलंच, त्याला वर बोलवू का? मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. भावानं घास खाली ठेवला.

"तो मंडळाचा आहे का?"

"नाही," भुंगा म्हणाला.

"मंडळाचा नाही म्हणजे मंडळानं त्याला काढलेलं नाही. काढलेलं नाही म्हणजे नियम नाही." भावानं आपल्या टेबलाच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्याला इथे बसता येईल."

हात्तिच्या! पोटचा मुलगा फटीपलीकडे, आणि त्याचा जोडीदार बापाच्या मांडीला मांडी लावून! चष्मेवाला वर आला, घाबरतच बसला. दोघं शेजारी, दोघंही मुखदुर्बळ. मग चष्मेवाल्यानं टेबलावरून तळवा फिरवला आणि हळूच म्हणाला, "काका, सांधा सापडत नाही." माझ्या भावाला दुसरं काय हवं? "सापडणार नाही," म्हणाला. मग चष्मेवाला सांगायला लागला की काच घासताना केसाएवढा फरक पडला तरी माणसाचं डोकं दुखतं. भाऊ म्हणाला, खुर्चीच्या पायाचंही तसंच असतं. झालं! त्या दिवसापासून दोघांचं जे गूळपीठ जमलं, की भुंगा फटीपलीकडून म्हणायचा, "बाबा, माझा माणूस आहे तो, थोडा मलाही द्या." आणि एकदा माझा भाऊ यावर हसला. मग आपण हसलो म्हणून दचकला आणि पाणी प्यायला.

पण कितीही हसलो तरी ती फट होती. भुंग्याच्या वाढदिवसाला बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवायला हात लांब केला आणि फटीशी आला तसा मागे घेतला. नियमात तसं काही नव्हतं. पण भीती नियमापेक्षा चार पावलं पुढेच चालते. भुंग्यानंही ते पाहिलं. त्या घरात पाऊल टाकलं की तो गुणगुणायचा नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. स्कूटरवरून उतरेपर्यंत गुं गुं, आणि जिन्यावर गप्प.

मग दमट दिवस आले. कपडे वाळेनात, काडेपेटी पेटेना, कारखान्यातले ड्रॉवर उघडेनात. मी संध्याकाळी करवतीकडे डोळे लावून बसायची. पातं आधी सुळकन जायचं, ते आता करकरत जायला लागलं. भावाच्या कपाळाला आठी. काही दिवसांनी तो मेणबत्तीचा तुकडा घेऊन आला आणि पात्याला मेण चोळून फिरवायला लागला. मी मनात म्हटलं, मेल्या, सुंभ जळेल पण तुझा पीळ जळणार नाही. तोंडानं मात्र चकार शब्द काढला नाही.

आणि नेमके त्याच दिवसांत, आम्ही जेवायला बसत असताना, दार वाजलं. प्रमुख, आणि त्यांच्याबरोबर मंडळातले एक माना डोलावणारे गृहस्थ. प्रमुख काय म्हणतील त्याला मान डोलवायची एवढंच त्यांचं काम. त्या दिवशी पावसापासून कारखान्यातलं लाकूड झाकता झाकता भावाला उशीर झाला होता, भुंगा आधीच पोचलेला, करवत फिरवायची राहून गेली होती.

प्रमुखांनी चष्मेवाल्याला मिस्त्रीच्या शेजारी पाहिलं आणि दोनदा खाकरलं.

"मिस्त्री, लोक बोलतात. म्हणतात, फट वगैरे काही नाही, सगळं कुटुंब एका टेबलाला जेवतं. मी म्हटलं, मिस्त्री खोटं बोलणार नाही. मी स्वतः विचारून येतो. सांगा, टेबलं दोन आहेत ना?"

मला हवं होतं ते समोर येऊन उभं राहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. कारण भावानं आता दोन म्हटलं तर ती फट आमच्या जन्माला पुरणार होती. आणि एक म्हटलं तर त्याचं पहिलं बाक, आजोबांचं मंडळ, सगळं एका शब्दात जाणार. मी केलं होतं, आणि भरायचं होतं त्यानं.

भाऊ उठला. भिंतीवरची करवत घेतली, पातं टेबलांच्या टोकाशी लावलं आणि ढकललं. थोडंसं आत गेलं आणि थांबलं. त्यानं काढलं, दुसऱ्या टोकानं घातलं. तिथेही थांबलं. त्यानं वाकून बघितलं, बोट फिरवलं. दोन्ही फळ्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. पाय जमिनीत पक्के, टेबल मागे सरकायला जागा नाही. लाकूड फुगून फुगून शेजारणीला जाऊन भेटलं होतं.

"हवेचा दोष," माना डोलावणारे म्हणाले.

"हवेचाच," प्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. त्यांनाही भाऊ जायला नको होता, एवढी चांगली बाकं कोण करणार? "मिस्त्री, करवत तुमच्या हातातच आहे. दात लावा आणि ओढा. मिनिटाचं काम. आम्ही काही पाहिलं नाही."

भावजयीचं ताट मधोमध होतं, नेहमीसारखं, जिथे फट असायची तिथे. करवत चालवायची तर ते उचलावं लागणार होतं. तिनं दोन्ही हात ताटावर ठेवले आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. भुंगा उठला. "बाबा, करा तुम्ही," म्हणाला. "माझ्यासाठी तुमचं काही जायला नको. मी पलीकडे जेवीन, मला सवय झालीये."

"बस," भाऊ म्हणाला.

त्यानं करवतीचे दात फळ्यांवर टेकवले. ते टेबल त्यानं स्वतः केलेलं. एक घाव दोन तुकडे, एवढंच काम. मी डोळे मिटले. करवतीचा आवाज येईल म्हणून दात आवळून बसले. आवाज आला तो करवत भिंतीला टांगल्याचा.

"एक आहे," भाऊ म्हणाला.

"काय?"

"तुम्ही विचारलंत ना, टेबलं किती. एक आहे. माझा मुलगा आणि मी एका टेबलाला जेवतोय." त्यानं एका रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बसा म्हटलं असतं, पण मग तुम्हीही बाहेर पडाल."

मी खरंच सांगते, त्याला विनोद करायचा नव्हता. त्यानं फक्त नियम सांगितला होता. पण चष्मेवाल्याला ठसका लागला आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. प्रमुखांनी खाकरलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही, पण पुढे वाक्यच आलं नाही. माना डोलावणाऱ्यांनी सवयीनं मान डोलावली आणि दोघं जिना उतरून गेले.

भाऊ खुर्चीत बसला. गुडघे धरून. मला वाटलं रडेल, पण तो नुसताच मोठा श्वास सोडून बसला होता, दिवसभर डोक्यावर फळी वाहिली आणि आता खाली ठेवली तसा. मग त्यानं हात लांब केला. जिथे फट असायची तिथून तो पुढे गेला आणि भुंग्याच्या पाठीवर जाऊन पडला. भुंग्यानं टेबलावर डोकं टेकलं आणि हमसाहमशी रडला. भावजय म्हणाली, "जेवा रे आता, निवतंय सगळं." आणि स्वतःच जोरात रडायला लागली. आम्ही सगळे रडलो आणि सगळे जेवलो. मला तर त्या दिवशी इतकी भूक लागली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी भाऊ सरसाचं भांडं आणि फळ्या आवळून धरायचे मोठे शिकंजे घेऊन वर आला. ऊन पडलं की लाकूड परत आकसणार, फट परत पडणार. त्याआधी दोन्ही फळ्या पक्क्या चिकटवायच्या होत्या. एका टेबलाचे स्क्रू काढले, ते जरासं सरकवलं, कडांना सरस लावला. भुंग्याला सुट्टी होती. तो एका बाजूनं शिकंजा धरून उभा, चष्मेवाला दुसऱ्या बाजूनं. मी पॉलिशचा डबा घेऊन टेबलाखाली शिरले. म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"अरे, ऐक. ही खालची बाजू मी मुद्दाम कोरी ठेवली होती. फुगावी म्हणून."

"माहितेय," वरून आवाज आला.

"काय माहितेय?"

"तू दिलंस त्याच दिवशी खालून हात फिरवला होता मी. मी रोजच फिरवतो, तुझ्या प्रत्येक कामाला."

मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. ते आपटलंही. "मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर तुला पॉलिश मारायला सांगावं लागलं असतं."

"आणि मग ते मेण कशाला चोळत होतास रोज?"

तो शिकंज्याचा स्क्रू पिळत होता. थांबला. मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाबरत होतो, ताई," म्हणाला. "वाटायचं, फट जावी. आणि वाटायचं, आज नको."

मी परत टेबलाखाली शिरले, कारण माझा चष्मा पार धुऊन निघाला होता आणि तो चष्मेवाल्याला दिसायला नको होता. खालून नुसते पाय दिसत होते. भावाचे, भुंग्याचे, चष्मेवाल्याचे, आणि चहा घेऊन आलेल्या भावजयीचे. सरसाचा वास येत होता. मी चिंधी बुडवली आणि कोऱ्या फळीवर पहिला हात मारला.

तेवढ्यात वर सुरू झालं. आधी बारीक, नाकातल्या नाकात, मग चांगलं मोकळं. गुं गुं गुं.

"भुंग्या, गप," भाऊ खेकसला. त्याच्या लहानपणी खेकसायचा, अगदी तसाच. "शिकंजा हलतोय."

भुंगा गप्प बसला नाही. मीही खालून खालचा सूर लावला.